खाडीच्या तोंडावरचं शेवटचं घर

"बघ गं, या लोकांचे कपडेही पाण्यातच वाळतात वाटतं," पोलीस सार्जंट याऊच्या सासूबाई हसत म्हणाल्या.

याऊने वळून पाहिलं. सुट्टीच्या दिवशी ती सासूबाईंना ताई ओ या मच्छीमारांच्या गावातली खांबांवरची जुनी घरं दाखवायला घेऊन आली होती. ओहोटी लागलेली. प्रवाशांची होडी खाडीच्या तोंडावरच्या शेवटच्या घराजवळून चालली होती. तिथे दोन खांबांच्या मध्ये एक निळा सदरा अडकला होता.

सदऱ्यात माणूस होता.

"इंजिन बंद कर!" याऊ ओरडली.

म्हातारा लो क्वाई. पायाने अधू, तोंडाने फाटका. होडीवाला त्याला ओळखत होता. "रोज ओहोटीला शिडीने चिखलात उतरायचा, खेकड्यांचे सापळे काढायला. आज पाय घसरला असणार. मेला एकदाचा!"

याऊने प्रेताचे तळवे उलटून पाहिले. कापून चिंध्या झाल्या होत्या. नखं उखडलेली. खांबांवर कालवांची धारदार कवचं चिकटलेली होती, आणि त्यांच्यावर रक्त.

मग तिने शिडीला हात लावला. घराखाली ऊन शिरत नव्हतं. डोक्यावरपर्यंत खांब अजून निथळत होते. बांबूची शिडी मात्र कोरडी ठणठणीत. पाण्यात बुडालेलं टोक तेवढं ओलं.

ती शिडी चढून वर गेली.

वर म्हाताऱ्याची बायको, यीन आजी, वाळत घातलेली खारवलेली मासळी परतत होती. रेडिओवर संगीत नाटक चालू होतं, कान फाटतील इतक्या मोठ्याने. बातमी कळताच बाजारातून सून धावत आली. लाईसिम तिचं नाव. तिने आधी रेडिओ बंद केला.

"त्यांना ऐकू येत नाही, बाई," ती धापा टाकत म्हणाली. "मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. म्हणून रेडिओ असा."

"तू सकाळी कुठे होतीस?"

"मासळीच्या दुकानात. सगळ्या बाजाराला विचारा."

"नवरा?"

"विमानतळावर कामाला. निघालाय आता."

"सासऱ्यांचं कुणाशी वैर?"

"कुणाशी नव्हतं ते विचारा! परवाच शेजारच्या कामशुईकाकांनी दम दिला होता, तुला खाडीत बुडवीन म्हणून."

कामशुई चहाच्या दुकानातून आला तो तणतणतच. "दिला होता दम! माझे सापळे चोरतो म्हणून. पण मी सकाळपासून फासे खेळत बसलोय. बरोबरचे तिघं साक्षीला आहेत. आणि त्याला मारायला माझे हात कशाला विटाळू?"

याऊ आजीसमोर बसली. लाईसिमने सासूच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "बाबा खाली कधी उतरले?"

"सकाळची न्याहारी झाल्यावर," आजी सावकाश म्हणाली. "मग मी रेडिओ लावला. मला कुठलं काय कळतंय..."

आजीच्या मागे चुलीवरच्या किटलीच्या झाकणाने हलकेच खडखड केली.

"लाईसिम, किटली उतर," आजी म्हणाली, आणि पुढे बोलू लागली, "...मला वाटलं, शेजारी गेले असतील."

याऊ उठली. शिडी वर ओढून घ्यायचा दारातला दोर तिने हातात घेऊन पाहिला. कप्पीवरून तो अगदी हलका सरकत होता. मग ती आजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, ते किती वेळ हाका मारत होते?"

आजीचे हात मासळीवरच थांबले.

लाईसिम किटली घेऊन वळली. "आई?"

"ते घसरले नाहीत," याऊ म्हणाली. "शिडी भरतीच्या वेळी खाली असती तर खांबांसारखीच भिजली असती. ते चिखलात असताना कुणीतरी ती वर ओढली आणि पाणी उतरू लागल्यावर परत सोडली. घरात एकच माणूस होतं. अधू पायाने चिखल तुडवत दुसऱ्या घरापर्यंत जाणं त्यांना जमलं नाही. ते खांबाला नखं रोवत राहिले. आणि हे सगळं जिला ऐकू येत नव्हतं, तिला पाठीमागचं झाकण ऐकू आलं."

आजीने हात पदराला पुसले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"पाणी छातीला लागेपर्यंत शिव्या देत होते," ती म्हणाली. "मग विनवण्या. मी इथे, अगदी वरच बसले होते. एक प्रवाशांची होडीही गेली. रेडिओ ऐकून त्या लोकांनी हात हलवले. मीही हलवला."

"का, आजी?"

"माझी लेक शुएत. आम्ही पाण्यावरची माणसं; ती जमिनीवरच्या पोराबरोबर पळाली आणि पोटुशी होऊन परत आली. हिवाळ्यातली भरती होती. यांनी शिडी वर घेतली. पोर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आई आई करत होती. मला म्हणाले, तू काही ऐकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी ती चिखलात सापडली. मग मी ऐकायचंच सोडलं."

खाली होडीचा आवाज झाला. मुलगा वाईलोक आला होता. लाईसिमने वरूनच त्याला सांगितलं, आईंनी शिडी ओढून घेतली म्हणून. तो रडतच वर चढला. "आई, काय केलंस हे? बाप होता माझा!"

म्हातारीने त्याच्याकडे थंडपणे पाहिलं.

"त्यांच्या एकट्याच्या हाताने शिडी उचलली नसती तेव्हा. कप्पी नव्हती. दोराचं दुसरं टोक तू धरलं होतंस. मिसरूड फुटलं नव्हतं तुला, पण हसत होतास."

"आई..."

"आज सुट्टी होती तुझी. दोघेही खाली जाणार होतात. तू कामाची पाळी बदललीस, म्हणून वाचलास."

लाईसिम नवऱ्याकडे वळली. "खरंय हे?"

त्याने मान खाली घातली. तिने पुन्हा विचारलं. तो कप्पीवरचा दोर बघत राहिला.