सील शाबूत होतं

तो दिवा जरा अलीकडे ओढ. हं, आता ऐक. आणि मधे हसू नकोस.

मी तेव्हा एका बँकेसाठी जप्त घरांची पाहणी करायचो. बँकेनं ताबा घेतला की लिलावाआधी मी जायचं, काय धड आहे नि काय मोडलंय ते लिहून द्यायचं. जाताना लोक घरावर राग काढतात. नळ उपटतात, वायरी ओढून नेतात, संडासात सिमेंट ओततात. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

ते घर एका गवंड्याचं होतं. चार खोल्या, विटेवर वीट त्यानं स्वतः रचलेली. ताबा घेऊन तीन आठवडे झाले होते. मी दुपारी तीनच्या सुमारास पोचलो. दाराला बँकेचं कुलूप, त्यावर लाखेचं सील, कुठे चीरसुद्धा नाही. शेजारीण कुंपणाशी उभी होती. माझ्या काखेतली फाइल बघून ती माझ्या पुढ्यात थुंकली.

"आता काय, विटा मोजून नेणार?"

मी किल्ली काढली. सील तोडलं आणि आत शिरलो.

बंद घराला कुबट वास येतो. इथे ओल्या चुन्याचा वास होता. खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे भरदुपारी अंधार. बॅटरी लावली तर भिंतींना भगदाडं. काही मुठीएवढी, काही डोक्याएवढी. खाली गिलाव्याचा खच. मी फोटो काढायला लागलो, आणि मग उजेडाच्या पट्ट्यात धूळ दिसली. ती अजून तरंगत होती. म्हणजे कुणीतरी आत्ताच... मी कुलूप उघडलं तेव्हाच... हात थांबवला होता.

"कोण आहे?"

आतल्या खोलीतून आवाज आला. ठक्. जरा दम खाल्ल्यासारखं थांबून पुन्हा, ठक्.

मी दारापर्यंत गेलो. खोली रिकामी होती. समोरच्या भिंतीचा गिलावा माझ्या डोळ्यांदेखत फुगला, तडकला, खाली पडला. छिन्नीचा घाव ऐकू येत होता, छिन्नी नव्हती. पुढचा घाव वीतभर अलीकडे पडला. त्याच्या पुढचा आणखी वीतभर. कोपरा वळून, भिंतीभिंतीनं, तो माझ्याकडे येत होता. मी पाठ टेकून उभा होतो त्या चौकटीशेजारी वीट फुटली आणि खडा माझ्या गालाला लागला, तेव्हा कुठे माझे पाय हलले.

बँकेच्या वसुली अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सील शाबूत होतं ना?"

"होतं साहेब. पण ताब्याच्या दिवशीचे फोटो आहेत आपल्याकडे. भिंती तेव्हा चांगल्या होत्या."

"फोटोंचं मी बघतो. तुम्ही लिहा, मालकानं जाणूनबुजून नासधूस केली. आपण पोलिसांत तक्रार देऊ, दुरुस्ती त्याच्या डोक्यावर. लिहायचं नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघतो."

लिहिण्याआधी मी गवंड्याला भेटायला गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. तो इस्पितळात होता. ताब्याच्या दिवशी उंबऱ्यातच कोसळला होता, उजवी बाजू गेली होती. उशाशी बायको बसलेली. मी कुठून आलो हे कळताच तिचा चेहरा दगड झाला.

"बाहेर काढलंत. अंथरुणाला खिळवलंत. आता काय बघायला आलात?"

"वहिनी, मी फक्त विचारायला..."

"वहिनी म्हणू नका मला."

मग नवऱ्याचं पांघरूण सारखं करत, माझ्याकडे न बघता ती हळूच म्हणाली, "तीन आठवड्यांत बोट हललेलं नाही यांचं. पण रोज दुपारी घामानं निथळतात. दम लागतो. कामावरून आल्यासारखे."

मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. नखांत पांढरा चुना गच्च भरलेला.

"मी रोज धुते," ती म्हणाली. "रोज येतो."

तेवढ्यात गवंड्यानं डोळे उघडले. तसा द्वेष मी माणसाच्या डोळ्यांत आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. वाकडं झालेलं तोंड मोठ्या कष्टानं हललं.

"माझं... आहे. पाडीन... नाहीतर बांधीन."

मी सगळं पाहिलं होतं. त्या माणसानं कूस बदलणंही शक्य नाही, हे मला कळत होतं. तरी घरी येऊन मी अहवालात लिहिलं, मूळ मालकानं जाणूनबुजून नासधूस केली. खाली सही ठोकली. माझ्याही घरात खाणारी तोंडं होती.

चार दिवसांनी पोलीस तो कागद घेऊन त्याच्या खाटेपाशी गेले. मजकूर त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. त्याच संध्याकाळी तो गेला.

दुसऱ्या दिवशी बँकेनं दुरुस्तीसाठी ठेकेदार धाडला. किल्ली माझ्याकडे, म्हणून मलाही जावं लागलं. माझ्या पाहणीनंतर लावलेलं नवं सील तसंच होतं. आत शिरलो आणि ठेकेदार माझ्याकडे वळला.

"अहो, दुरुस्ती कसली? कुणी केलं हे काम?"

एकही भगदाड नव्हतं. ओळंब्यात बसलेल्या सरळ भिंती, ओला गुळगुळीत गिलावा, थापीचे अर्धगोल फिरलेले. पण आतल्या खोलीचं दार नव्हतं. चौकट होती तिथे सलग भिंत.

अधिकारी फोनवर एवढंच म्हणाला, "कागदावर चार खोल्या आहेत. फोडा."

ठेकेदारानं स्वतः घण घेतला. बांधकाम अजून कच्चं होतं, माणूस जाईल एवढी वाट लगेच झाली. आतली खोली स्वच्छ झाडलेली. खिडकीवरच्या फळ्या जिथल्या तिथे. त्यानं बॅटरी मागे वळवली आणि नव्या भिंतीच्या आतल्या अंगावर धरली. तिथेही गिलावा होता.

"आतून लिंपलंय..." तो पुटपुटला. "मग लिंपणारा बाहेर कुठून पडला?"

उजेड सरकत भिंतीच्या मध्यावर आला आणि तिथे थांबला. ओल्या गिलाव्यात एक पंजा रुतला होता. उजवा. चार बोटं पुरती उमटलेली, करंगळीशेजारचं मात्र अर्धंच.

ठेकेदारानं वाकून तो पंजा नीट पाहिला. मग त्यानं बॅटरी माझ्या हातावर फिरवली.

"साहेब... तुमचं हे बोट..."

लहानपणी पंख्यात अर्धं तुटलेलं माझं बोट तुला माहीतच आहे. मी हात खिशात घातला, पण त्याला दिसायचं ते दिसलं होतं. आणि मला त्याहून वाईट दिसलं होतं. तो पंजा नुसता टेकलेला नव्हता. बोटं भिंतीवरून पार खालपर्यंत ओढत गेली होती. आत चिणलेल्या माणसानं बाहेर यायला धडपडावं तशी.