तो गेला, सिस्टर

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला माझ्याकडे काहीच नाही. पिल्लू झोपलंय तेवढ्यात लिहून टाकते.

तेव्हा माझी लेक पाच महिन्यांची होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून मी तिला घेऊन मिशनच्या सिस्टरांकडे आले होते. खाली त्यांची मुलींची शाळा आणि दवाखाना, वर आमच्यासारख्या बायकांच्या खोल्या. कोर्टातही त्या सोबत यायच्या.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटायची.

कुणाचा नवरा फाटकावर दंगा करून गेला, की थोरल्या सिस्टर रिकाम्या जिन्यात उभ्या राहून मोठ्याने म्हणायच्या, "तो गेला, सिस्टर."

"कुणाला सांगता हो?" मी एकदा विचारलं.

"आमच्याआधीच्या एक होत्या. त्यांना काळजी लागून राहते," त्या हसून म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करतायत.

त्या रविवारी संध्याकाळी फाटक दणादणा वाजलं.

"बाहेर काढा तिला! माझी पोर आहे ती!"

त्याचाच आवाज.

"इथे कोण राहतं ते आम्ही सांगत नाही," खालून सिस्टर शांतपणे म्हणाल्या.

त्याला नुसता संशय होता. पोरीचा आवाज कानावर पडला असता, तर सगळं संपलं असतं.

आणि नेमकी तेव्हाच ती रडायला लागली. पाजून पाहिलं, खांद्यावर घेऊन थोपटलं... छे! अगदी टिपेला गेली.

आणि मग...

एकदम शांत.

सुटले, असं वाटलं. मग मी तिच्याकडे पाहिलं.

ती रडतच होती.

तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, जीभ थरथरतेय... पण आवाज नाही.

गाल तापले होते. ओठांभोवती मात्र थंडगार... तळहाताएवढीच जागा.

फाटक वाजायचं थांबलं. जिन्यात सिस्टरांचा आवाज आला, "तो गेला, सिस्टर."

पोरीचा आवाज परत आला नाही. ओठ निळे पडू लागले.

मी धावत सुटले. "सिस्टर, हिला बघा हो!"

त्यांनी एकदाच पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून, मागे पाहत म्हणाल्या, "तो गेला. सोडा आता लेकराला."

काहीच नाही.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे... तो गेलेला नाही."

खाली, दवाखान्याच्या मागच्या दाराची कडी हलकेच वाजली...

सिस्टर शाळेच्या घंटेकडे धावल्या आणि बडवतच सुटल्या. आजूबाजूची माणसं पळत आली. तो भिंतीवरून उडी मारून पळाला. सगळ्यांनी पाहिला.

आणि पोरीने अशी किंकाळी फोडली! मी तिला छातीशी धरलं.

"कोण होतं ते?" मी विचारलं.

"फार वर्षांपूर्वी असाच एकजण दारात होता," सिस्टर म्हणाल्या. "लेकरू रडू नये म्हणून त्या आधीच्या सिस्टरांनी लेकराच्या तोंडावर हात धरला. बराच वेळ."

"मग?"

"आई वाचली."

पुढे मी विचारलं नाही.

आता आम्ही दोघीच राहतो. ती चालायला लागलीय, सारखी धडपडते. लहान मूल पडलं, की आधी नुसतं तोंड उघडतं, श्वास आत ओढतं... आणि मग भोकाड पसरतं. मधला तो क्षण प्रत्येक आईला ठाऊक असतो.

"रडू दे की जरा," शेजारच्या काकू म्हणतात. "लगेच काय उचलायचं!"

मी उचलते.

पण त्याआधी... दाराकडे बघते.