तिकडची पाहुणी

बुऱ्हाणपूरच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालेल्यांचा हॉल दहा खाटांचा. दुपारी चार ते पाच भेटीची वेळ. खकनारची बस आली की पिशव्या, डबे आणि केळी घेऊन माणसं आत घुसायची आणि एकेका पेशंटाभोवती आठ-आठ जण उभे राहायचे. आजाऱ्याला भेटायला आलेल्याला ‘तुम्ही कोण?’ असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. सिस्टर तृप्तीलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये टाके पिकायला लागले. आधी दोन नंबरची खाट, मग सात, मग चार. तिघांनाही एकच जंतू, तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप. इन्फेक्शनची नोंद ठेवणं तृप्तीचं काम, आणि ती कामाला भलती चिकट. तिनं नळाचं पाणी तपासायला पाठवलं, ड्रेसिंगची ट्रॉली पुसून नमुने दिले, स्वतःच्या हाताचासुद्धा दिला. सगळं स्वच्छ निघालं. त्याच आठवड्यात नऊ नंबरचे देवराम पाटील तापानं गेले. डॉक्टरांनी हात टेकले आणि हवामानाला दोष दिला. तृप्तीला त्या हवामानाची चीड आली.

आता सहा नंबरवर रंजिता होती, तुकईथडची, तेवीस वर्षांची. सिझेरियन होऊन दोनच दिवस झाले होते. मुलगी वजनाला कमी, म्हणून वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलेली. रंजितानं तिला अजून हातातही घेतलं नव्हतं. टाके कोरडे भरले की तुला मीच वर नेईन, असा शब्द तृप्तीनं तिला दिला होता, आणि तो तिला पाळायचाच होता.

पेशंट तपासून झाले, वस्तू तपासून झाल्या. उरले होते भेटायला येणारे. तिनं देवरामच्या सुनेला फोन लावला.

“एक बाई येत व्हत्या,” सून म्हणाली. “जांभळं लुगडं. मामाजीले लहानपणीच्या नावानं हाक मारे, टाक्यावरून हात फिरवे. मले वाटलं, सासूबाईच्या माहेरची असन.”

मागून सासूचा आवाज आला, “अन् मले वाटलं, तुह्याकडची!”

दोन, सात आणि चार नंबरवाल्यांनीही तेच सांगितलं. सासरचे म्हणाले ती माहेरची, माहेरचे म्हणाले ती सासरची.

तृप्तीनं कॅमेऱ्यातलं चित्रण काढून बघितलं. देवरामची सून उठते, पदर सारखा करते, वाकून पाया पडते आणि स्टूल पुढे सरकवते. पुढचा तासभर ते स्टूल रिकामंच. सून त्याच्याकडे बघून मान डोलावते, मध्येच हसते. पेशंटही त्याच बाजूला तोंड करून पडलेला.

तृप्तीनं ते तीनदा बघितलं. आधी घाम फुटला, मग संताप आला. पडून असलेल्या माणसाच्या उशाशी येऊन हे असलं करायचं?

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं हॉलच्या दारात खुर्ची आडवी टाकली. प्रत्येक पेशंटाचं दोन्हीकडचं एकेक माणूस जवळ उभं केलं. त्यांनी ओळखल्याशिवाय कुणी आत जाणार नाही, असं बजावलं.

“हद करता सिस्टर! खकनारहून आलो अमी,” एक जण करवादला.

“मग अजून पाच मिनिटं थांबा,” तृप्ती म्हणाली.

रांगेत पाचवी जांभळ्या लुगड्याची होती. साठीची, तेल लावून केस चापून बसवलेले, चेहरा इतका ओळखीचा की नाव अगदी ओठांवर यावं.

“रंजीच्या घरची मी,” ती म्हणाली.

तृप्तीनं रंजिताच्या आईकडे, सरुबाईकडे पाहिलं. “तुमच्याकडची?”

“नाही वं माय.”

“आणि तुमच्या?”

रंजिताची सासू सुमनबाई मागे सरकली. “आमची बी नाही.”

बाई तृप्तीकडे वळली. “मंग तुह्याकडची समज.”

“माझ्याकडं कुणी नाही,” तृप्ती म्हणाली. “आई गेली. लग्न केलं नाही. माझी नातलग म्हणून तुला या दारात कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही. नीघ.”

बाईनं तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, एकेक अक्षर लावून.

मग ती गेली.

खुर्ची दहा दिवस दारात राहिली. लोकांनी तक्रारी केल्या, डॉक्टरांनी समजावलं, तृप्तीनं कुणालाच दाद दिली नाही. एकाही खाटेवर ताप आला नाही. रंजिताचे टाके कोरडे भरले.

अकराव्या दिवशी सकाळी तृप्तीनं तिचा हात धरला आणि सावकाश तिला वर नेलं. काचेच्या पेटीपाशी बसलेली शीतल सिस्टर हसत उठली.

“मुलगी एकदम बढिया आहे. तुमच्या आत्या रोज बसायच्या ना तिच्याजवळ.”

रंजिता जागच्या जागी थांबली.

“कुणाच्या आत्या?” तृप्तीनं विचारलं.

“तुमच्याच, दीदी. तुमचं पूरं नाव सांगितलं त्यांनी. मग मी कशी अडवणार?”

“आजपासून या दारात मी बसणार,” तृप्ती म्हणाली. “परत येऊन तर दाखवू दे.”

“पण त्या आता येणारच नाहीत,” शीतल म्हणाली. “कालच सांगून गेल्या. रोज यायचं काम उरलं नाही म्हणे. बाळ ओळखायला लागलं त्यांना.”