मुसकी बांधलेली घोडी

हे लिहायचं नाही, असं भोपळ्यानं जवळजवळ ठरवलंच होतं. मावशीच्या बाकीच्या केसेस तो चवीनं लिहायचा. पण या केसमध्ये त्याचा मित्र अडकला होता.

मावशी विमा कंपनीत चौकशीचं काम करून रिटायर झालेली. आता खाजगी कामं घ्यायची. भोपळ्या तिची गाडी चालवायचा आणि मधेमधे प्रश्न विचारायचा, बहुतेक चुकीचे.

सकाळीच खिळ्या दारात आला. शाळेपासूनचा दोस्त, अंगानं खिळ्यासारखाच. बुटक्या घोड्यांच्या एका तबेल्यात कामाला होता.

"मावशी, संध्याकाळी मला काढून टाकणार आहेत. मी घोडीला चोरून चारतो म्हणे."

"चारतोस?"

"नाही."

"चल मग."

तबेल्यात कमरेएवढे सहा घोडे. पाच ठणठणीत. शेवटच्या खणातली तपकिरी घोडी मात्र पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. मावशीनं तिच्या खुराला हात लावला. चटका बसेल इतका गरम. मग बरगड्या चाचपल्या. बोटं चरबीतच रुतली.

"डॉक्टर म्हणाले, चरबी आणि साखरेनं खुरांत दाह झालाय," मालकीणबाई म्हणाल्या. "अजून गोड पोटात गेलं तर ही वाचायची नाही. सगळ्यांना गवत मोजून, तेही भिजवून देतो. शिवाय हिच्या तोंडाला जाळीची मुसकी. दाण्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. मग ही फुगली कशी? मुसकी काढणारा हाच एकटा!"

खिळ्यानं घोडीची मुसकी सारखी केली.

मालकीणबाईंचे यजमान आले तशा पाच माना त्यांच्या खिशाकडे वळल्या. तपकिरी घोडी ढिम्म.

"गाजर देतो अधूनमधून, लपवू कशाला?" ते म्हणाले. "पण हिच्या वाटेला जात नाही. चावते हो!"

मावशीनं खिळ्याला मूठ मिटून घोडीपुढे धरायला लावली. घोडीनं हुंगलंसुद्धा नाही.

तेवढ्यात बाहेर लोखंडी बादलीची कडी वाजली. घोडीनं कान टवकारले, खिंकाळली. मालकीणबाईंचे वडील आत आले.

"लाडकी आहे माझी," ते म्हणाले. "पण शपथ घेतो, पाण्याशिवाय काही देत नाही. बाकीच्यांना नळाचं पाणी येतं, हिचं टाकं मी भरतो."

"आणि गवत भिजवायचं काम?"

"ते माझं," खिळ्या म्हणाला. "मी गवत काढून सगळ्यांना घालतो, तोवर बाबा टब रिकामा करून ठेवतात."

"गवत भिजवतात कशाला, बाबा?"

"धूळ बसावी म्हणून. दुसरं काय?"

मावशी टबाजवळची मोरी बघून आली. कोरडी ठणठणीत. घोडीच्या टाक्यावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. बाकीच्या टाक्यांवर एकही नव्हती.

भोपळ्या कुजबुजला, "मावशी, खरं सांगू? दया येऊन खिळ्याच चारत असणार. मनानं हळवा आहे तो."

मागे पावलं थबकली. खिळ्यानं ऐकलं होतं.

मावशीनं सगळ्यांना घोडीजवळ बोलावलं.

"हिला हातानं कुणीच चारत नाही. चारत असतं तर हिनं हात हुंगले असते, खिसे शोधले असते. ही ओळखते फक्त बादलीचा आवाज. मुसकीनं खाणं अडतं, पिणं नाही." तिनं टाक्यात बोट बुडवून चाटलं.

"शी, मावशी!"

"गोडसर आहे. माश्या उगाच नाही जमल्या. गवत भिजवतात ते त्यातली साखर पाण्यात उतरावी म्हणून. ते पाणी फेकायचं असतं. पण मोरी तर कोरडी. मग सहाजणांच्या गवताचं पाणी रोज जातं कुठे?"

बाबांनी बादली हळूच खाली ठेवली.

"विहीर आटत आलीय," ते म्हणाले. "एवढं पाणी ओतून द्यायला जीव होईना. आणि ही आवडीनं प्यायची. म्हणजे मीच...?"

मालकीणबाईंनी त्यांचा हात धरला. "बाबा, तुम्हाला कारण सांगायचं माझ्याकडूनच राहिलं." मग खिळ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "चुकले मी. थांबशील?"

खिळ्यानं टाकं उपडं केलं, घासलं, स्वच्छ पाण्यानं भरलं. घोडी जगेल की नाही, डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

भोपळ्या त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"त्या सगळ्यांचं सोड," खिळ्या म्हणाला. "ते मला वर्षभर ओळखतात. तू?"

"चुकलो रे."

"विचारायचंस तरी मला."

"पुढच्या वेळी सगळं जग काहीही म्हणू दे," भोपळ्या म्हणाला, "आधी तुला विचारीन. आणि तू सांगशील ते खरं धरीन. शब्द देतो."