केराबाईला कोणी नेलं?

रात्रीच्या गोष्टीची वाट बघत असाल तर हे पान उलटा. ही गोष्ट भर दुपारची आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यातली.

आणि खरी आहे. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मला फुगवून सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कोणी फुगवून सांगितलं तर मला राग येतो.

घडली ती माझ्या वडिलांच्या बाबतीत. गंगाधर देगावकर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. शुक्रवार पेठेत बिऱ्हाड, आणि नोकरी आश्रम-वसतिगृहं तपासायची. पाणी झाकलेलं आहे का, अन्न ताजं आहे का, छप्पर धड आहे का, माणसं नीट ठेवलीत का, हे बघायचं आणि शेरा लिहायचा. अण्णा तसे काटेकोर. वरणात खडा सापडला तर अर्धं पान लिहायचे.

साल १९३६. चैत्रातली अवस.

होटगीच्या रस्त्याला तेव्हा निराधार म्हाताऱ्यांसाठी एक आश्रम होता. आता नाही. त्याचं नाव सांगणार नाही, विचारू नका. मागच्या अंगाला तेलुगू विणकरांची वस्ती होती. दिवसभर हातमागांची खटखट चाले.

तिथे केराबाई नावाची आंधळी म्हातारी होती. अक्कलकोटच्या पल्याडच्या एका वाडीतली धनगरीण. दुष्काळात तिचा लेक येडू मेंढरं घेऊन दूर निघाला. आंधळ्या आईला कुठे फरफटवणार? चार महिन्यांसाठी म्हणून त्याने तिला इथे आणून सोडलं. चाराचे चौदा महिने झाले होते.

पौषातल्या तपासणीला अण्णा तिच्यासमोर आले, तर तिने त्यांचा कोटच धरला.

"सायेब, येडूला दोन वळी लिवा की. आता पाऊसपानी बरा हाय म्हनावं. मला घरी ने म्हनावं. म्या लई खानार न्हाय."

"लिहितो, आजी."

"व्हय म्हनून इसरू नका बरं का. माज्यासाठी लिवनारं हितं कुनी न्हाय."

अण्णांनी त्याच रात्री वाडीच्या पाटलाच्या नावे पत्र लिहिलं.

मग आली चैत्रातली तपासणी. त्या काळी एक पद्धत होती. तपासणीच्या दोन दिवस आधी आश्रमाला कार्ड जायचं... अमुक दिवशी येत आहोत. कशाला, तर माणसं जागेवर सापडावीत म्हणून! पुढे त्यांच्या तोंडून हे ऐकताना मी अण्णांना म्हटलं, "चोराला आधी कळवून मग झडती."

त्या दिवशी अण्णा गेले तर सगळं चकचकीत. अंगण सारवलेलं. म्हातारी माणसं न्हाऊन, नखं कापून, डोक्याला तेल लावून ओळीत बसलेली.

अण्णांनी मोजली. एकोणीस.

वहीत वीस होती.

"केराबाई दिसत नाही?"

व्यवस्थापक पंचाक्षरी हसले. "तिचा लेक येऊन घेऊन गेला की, साहेब! परवाच. जाताना लई खुशीत होती."

अण्णांना इतका आनंद झाला म्हणून सांगू! पत्र पोचलं. एका म्हातारीला तिचं घर मिळालं. त्या आनंदात ते मागच्या बाजूला गेलेच नाहीत. ऊनही मरणाचं होतं. पंचाक्षरींनी आग्रह करून पानावर बसवलं. श्रीखंड-पुरीचा बेत होता.

जेवताना मागून आवाज येत होता...

खट्... खट्... खट्...

"काय ते?"

"मागे विणकर नाहीत का, साहेब. त्यांचे माग."

अण्णांनी मान हलवली आणि पुरी मोडली.

खट्...

खट्...

मग बराच वेळ काही नाही. विणकर जेवायला बसला असेल, असं त्यांना वाटलं. हात धुऊन त्यांनी वहीत शेरा लिहिला. 'व्यवस्था समाधानकारक.'

पंधरा दिवसांनी वैशाखी पौर्णिमा. त्या दिवशी सकाळी आई गरम कपडे पेटीत ठेवत होती. अण्णांचा लोकरीचा कोट तिने कडुलिंबाचा पाला घालण्यासाठी झटकला. आतल्या खिशातून एक पाकीट पडलं.

"अहो, हे टाकायचं राहिलं वाटतं."

पाटलाच्या नावाचं पत्र.

ते गेलंच नव्हतं. पौषापासून त्या खिशात पडलं होतं. कामाच्या गडबडीत, टाकलं असं अण्णा धरून चालले होते.

मग येडूला कळवलं कोणी? आणि केराबाईला नेलं कोणी?

अण्णा भरल्या ताटावरून उठले. नोकरीत पहिल्यांदाच, कार्ड न पाठवता निघाले.

आश्रमात पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. फाटकात कोणी नव्हतं. पंचाक्षरी गावात गेले होते. अंगण शेणाचं नाही, धुळीचं. ओसरीवर माणसं अंगाचं मुटकुळं करून पडलेली. एका आजोबांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यावर माशा. हे आजोबा अण्णांनी कधी पाहिलेच नव्हते. असे आणखी चार जण होते. वहीत वीस, आणि इथे चोवीस! म्हणजे जे दाखवण्यासारखे नव्हते, ते वहीतच नव्हते.

अण्णा मला सांगताना इथे थांबले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "प्रभा, मी सात वर्षं त्या घराला चांगलं म्हणत होतो गं."

इतक्यात त्यांना आवाज आला...

खट्...

मागे विणकरांचे माग चालूच होते. त्यांचा आवाज सलग येत होता, एका लयीत. हा त्यातला नव्हता. हा जवळून येत होता. थांबून थांबून. दमलेल्या माणसाने केल्यासारखा.

खट्... खट्...

अण्णा आवाजाच्या दिशेने गेले. स्वयंपाकघर मागे पडलं. लाकूडफाट्याचा ढीग मागे पडला. शेवटी एक कोठी होती. पत्र्याची. खिडकी नाही. दार तेवढं लाकडी, त्याला कडी होती, ती बाहेरून.

आवाज त्या दारातून येत होता. खालच्या अंगाने. कोणी आत जमिनीवर बसून काठी आपटावी, तसा.

"कोण आहे आत?"

खट्.

अण्णांनी कडी काढली. कडी तापून लाल व्हायची बाकी होती, हात पोळला. दार ढकललं.

आत कोणी नव्हतं.

कोपऱ्यात एक रिकामं मडकं. आतली हवा तोंडावर आली, भट्टीचं दार उघडावं तशी. अण्णांनी दार फिरवून आतली बाजू पाहिली. जमिनीपासून हातभर उंचीवर लाकडाला खळगे पडले होते. एकावर एक. शेकडो.

त्यांनी दार ओढून घेतलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

एक क्षण गेला...

खट्.

त्यांनी झटक्यात उघडलं. रिकामी कोठी.

पुन्हा लावायचा धीर झाला नाही. दार सताड उघडं ठेवलं. मग मात्र आवाज आला नाही.

"ऐकलं का री, साहेब?"

मागे चंद्रव्वा उभी होती. आश्रमाची स्वयंपाकीण, अक्कलकोटकडचीच, बोलण्यात अर्धं कानडी. तिचे डोळे सुजलेले होते.

"रोज येतंय री. दुपार झाली की येतंय. दार उघडून ठेवलं की थांबतंय. पंचाक्षरी येऊन परत लावतात."

"चंद्रव्वा, केराबाईला कोणी नेलं?"

तिने तोंडाला पदर लावला.

"कुणी नेलं नाही री. तुमचं कार्ड आलं की आजारी माणसांना हितं घालतात. साहेब गेले की काढतात. केराबाईला चार दिवस ताप होता. सकाळी हितं बसवलं. बाकीच्यांना त्या दिवशी गाडीत घालून शेतावर नेलं, हिच्यासाठी गाडीत जागा इल्ल, नव्हतीच. मग तुम्ही आला. तुम्ही जेवला. तुम्ही गेला. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्यानं कडी काढली असंल. मलापण तसंच वाटलं री, साहेब... मलापण."

"कधी काढली?"

"दिवा लावायच्या वक्ताला. तोवर संपली होती री, रात्रीच मागं ओढ्याकाठी पुरली."

अण्णा म्हणाले, "पण मी... मी आवाज ऐकला होता. मला सांगितलं, माग चालू आहेत."

चंद्रव्वाने त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता म्हणे. असता तर बरं झालं असतं.

"अवस होती री, साहेब. अवसेला विणकर माग लावत नाहीत."

सोलापुरात जन्म गेला अण्णांचा! हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. पान समोर होतं, सावली होती, म्हातारी घरी पोचल्याचा आनंद होता. म्हणून त्यांनी ते आठवलंच नाही. मला त्यांचा राग येतो. अजून येतो. आणि रडूही येतं, काय करू?

अण्णा तिथेच धुळीत खाली बसले.

थोड्या वेळाने ओसरीकडून हाक आली.

"कोन हाय का हितं?"

चाळिशीचा माणूस. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा, चेहरा उन्हाने काळवंडलेला. चंद्रव्वाने त्याला लगेच ओळखलं.

"म्या येडू. केराबाईचा ल्योक."

अण्णा उठले. आता सांगायचं. कसं सांगायचं? त्यांनी शब्द जुळवायला सुरुवात केली.

"येडू, तू आईला न्यायला..."

"न्हाय न्हाय, सायेब. आईला न्यायला न्हाय. तिचं गाठोडं न्यायला आलो. एक लुगडं आनि वाकाळ ऱ्हायलीया म्हनं चंद्रव्वाबाईकडं."

"म्हणजे?"

"आई आलीया की घरी. पंदरा दिस झालं."

चंद्रव्वा भिंतीला टेकली.

"कधी... कधी आली?"

"अवसेला. दिवं लावायच्या टायमाला. म्या मेंढरं वाड्यात घालून आलो, तर दारात हुबी. म्या म्हनलं, तुमी कुनीतरी गाडीत बशीवलं आसंल. लई उपकार झालं, सायेब." त्याने खरोखर वाकून हात जोडले. "मला लाज वाटत हुती वो हितं तोंड दाखवायची. चार म्हयन्यांचं बोललो हुतो."

अण्णांच्या तोंडून कसंबसं निघालं, "कशी आहे आता?"

येडूचा चेहरा जरा उतरला.

"हाय बरी. पर बोलत न्हाय. गाठोड्याचं तेवडं एकदाच बोलली. भाकरी ठेवली तर तशीच ऱ्हाती. पानी मातर लई पिती. घागरी रिकाम्या व्हत्यात. आनि दिसभर उंबऱ्यात बसती. दार लावू देत न्हाय. जरा वडलं की ल्हान पोरावानी रडती. का वो, सायेब? हितं काय झालं का तिला?"

अण्णांनी चंद्रव्वाकडे पाहिलं. चंद्रव्वाने अण्णांकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर आई घरी नाही, मागच्या ओढ्याकाठी पुरली आहे, हे सांगावं लागणार होतं. मग घरी जाऊन हा माणूस उंबऱ्यात काय बघणार होता? तिथे कोणी दिसलं असतं का? चौदा महिने घर घर करून मेलेली बाई. कशी का होईना, घरी पोचली होती.

चंद्रव्वाने गाठोडं आणून दिलं. येडूने ते छातीशी धरलं.

"येडू," अण्णा म्हणाले, "दार लावू नकोस. ती म्हणेल तोवर उघडं ठेव."

"थंडी-पावसाचं बी?"

"थंडी-पावसाचंही."

तो गेला. अण्णांनी त्याच दिवशी सगळं लिहून वर पाठवलं, स्वतःचा शेराही चुकीचा म्हणून लिहिला. वर्षभरात आश्रम बंद झाला. त्यापुढे त्यांनी कुठेही आधी कार्ड धाडलं नाही, बोलणी खाल्ली तरी. पण त्या वाडीला ते कधी गेले नाहीत. हिंमत झाली नाही.

मी निवृत्त झाल्यावर एका वृद्धाश्रमाच्या देखरेख समितीवर माझं नाव आलं. तेव्हा अण्णा नव्वदीला टेकले होते. त्यांनी मला जवळ बसवून हे सगळं सांगितलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. मी विचारलं, "तुम्ही त्याला खरं का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "त्याच्यासाठी नाही सांगितलं, की माझ्यासाठी, हेच मला अजून ठरवता येत नाही."

अण्णा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. येडूही कधीच गेला असेल. त्याच्या मागे त्या घरात कोण राहतं, मला माहीत नाही. त्यांना कोणी सांगितलं असेल का, की दार लावायचं नाही म्हणून?

मीही अजून तिकडे गेलेली नाही.