विकणे आहे, पण घालणाऱ्यालाच

घड्याळजींचा एक नियम होता. ऑटोमॅटिक घड्याळ साफ केलं की ते तीन दिवस स्वतःच्या मनगटावर घालायचं. टेबलावरचं घड्याळ पाहुण्यांसमोरच्या मुलासारखं शहाण्यासारखं वागतं, खरे गुण हातावर कळतात, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. या नियमामुळे बत्तीस वर्षांत त्यांनी बऱ्याच श्रीमंतांची घड्याळं फुकटात मिरवली होती, हा भाग ते सांगत नसत.

ते सोन्याचं घड्याळ एक बाई घेऊन आल्या. जुनं, पातळ, मोतिया तबकडीचं. चावी देण्याची सोयच नाही. हात हलला की आतलं वजन फिरायचं आणि स्प्रिंग भरायची.

"आमच्या यांचं आहे," बाई म्हणाल्या. "विकायचंय. पण नुसतं कपाटात ठेवणाऱ्याला नको. घालणाऱ्यालाच द्या."

"त्यांची हरकत नाही ना?"

"हरकत कसली? सुटतील बिचारे."

घड्याळजींनी हे वाक्य सोन्याच्या भावाशी जोडलं आणि पावती फाडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते डोळ्याला भिंग लावून निवांत बसले असताना त्यांचा डावा हात आपोआप उचलला गेला आणि मनगटातून वळला. 'काय?' असं विचारावं तसा. पुन्हा वळला. समोर उभा असलेला माणूस गडबडला. "काही नाही हो," तो म्हणाला, "फक्त सेल बदलायचाय."

घड्याळजी शास्त्राला मानणारे. शीर दुखावली असेल म्हणून त्यांनी घड्याळ काढून खणात टाकलं. हात शांत झाला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली.

"अहो, ओठ निळे पडलेत तुमचे!" डबा घेऊन आलेली बायको ओरडली.

त्यांनी खण उघडला. सेकंदकाटा अडखळत चालला होता. त्यांनी आपल्या नाडीवर बोट ठेवलं. बत्तीस वर्षं टिकटिक ऐकलेल्या माणसाला यंत्र लागत नाही. दोन्ही एकाच ठेक्यात लंगडत होती.

घड्याळ चढवलं तसा हात अर्धा तास पातेलं ढवळावं तसा फिरत राहिला. मग ओठांना रंग आला.

शास्त्र म्हणून त्यांनी हा प्रयोग आणखी दोनदा केला. तिसऱ्यांदा घड्याळ खणात जायच्या आत बायकोने खण बंद करून किल्लीच कमरेला खोचली. घड्याळ शिलाई मशीनच्या चाकाला बांधूनही पाहिलं. तासभर गरगरलं, पण भरलं नाही. त्याला हातच हवा होता.

आणि घड्याळजींनाही हात हवा होता. केसाएवढी स्प्रिंग बसवताना मनगटाने 'काय?' विचारलं की स्प्रिंग कुठे जाते ते कुणालाच सांगता येत नाही. पंधरा दिवसांत सहा घड्याळं वाया गेली. दुकान असं किती दिवस चालणार?

ते पावतीवरच्या पत्त्यावर गेले. बाईंचे यजमान खिडकीशी पेपर वाचत होते.

"बसा," ते म्हणाले. "मी उठत नाही, राग मानू नका. सहा वर्षांनी नुसतं बसायला मिळतंय."

"तुम्ही सुटलात कसे?"

"तुम्ही घातलंत ना."

"आणि मी?"

यजमानांनी पेपरचं पान उलटलं. "तुम्हीसुद्धा दुकानदारच आहात की."

दुसऱ्या दिवशी काचेवर पाटी लागली: सोन्याचं जुनं घड्याळ. विकणे आहे, पण घालणाऱ्यालाच.

एकजण लॉकरसाठी मागायला आला, त्याला घालवून दिलं. मग शेजारचा सलूनवाला आला. तीस वर्षांचा दोस्त.

"मला दे रे. मी डावखुरा. कात्रीच्याच हातात घालीन, म्हणजे गिऱ्हाइकाला आरशातही दिसेल."

घड्याळजींनी हिशेब केला. याचा हात दिवसभर हलतोच. घड्याळाचं पोट भरेल, याला पत्ताही लागणार नाही. पाप लागायला जागाच नव्हती. तरी ती जागा त्यांनी दोनदा तपासून पाहिली.

"नीट विचार कर," ते म्हणाले.

"तीस वर्षं तुझं डोकं माझ्या हातात आहे. मी तुझ्या घड्याळावर विश्वास ठेवू नये होय?"

तीन दिवसांनी घड्याळजींचा हात दगडासारखा स्थिर झाला. एका बैठकीत त्यांनी चार स्प्रिंगा बसवल्या. बायको दिवसभर "सुटलो बाई एकदाचे" म्हणत होती.

मग सलूनचा सुट्टीचा दिवस आला.

शटर अर्धं खाली होतं. आत कात्री वाजत होती. घड्याळजी वाकून आत शिरले.

खुर्ची रिकामी होती. तिच्याभोवती पांढरं कापड व्यवस्थित गुंडाळलं होतं. दोस्त घामाने निथळत त्या कापडावरची हवा कापत होता.

"सकाळपासून चाललंय," तो म्हणाला. "थांबलो की जीव घाबरा होतो."

"विकून टाकीन म्हणतो. पण घेणाऱ्याला सांगावं लागेल. आणि सांगितल्यावर घेणार कोण?" तो हसला. "न सांगता गळ्यात मारायला मी काय..."

आरशात त्याची नजर घड्याळजींच्या आता स्थिर झालेल्या डाव्या हाताकडे गेली. तिथेच राहिली. पुढचं वाक्य त्याने सोडून दिलं.

"बस ना रे," तो हळूच म्हणाला. "रिकाम्या खुर्चीपुढे फार वेड्यासारखं वाटतं."

घड्याळजी बसले.

आता दर सुट्टीला ते सकाळी नऊला त्या खुर्चीत बसतात आणि दिवे लागायच्या वेळी उठतात. डोक्यावरचे केस तिसऱ्याच आठवड्यात संपले.

कात्री चालूच असते.

मधूनच दोस्त डोक्यामागे छोटा आरसा धरतो. "झालं का रे?"

घड्याळजी बघतात. कात्री लागली म्हणून कानामागे लावलेला कापूस पार लाल झालेला असतो.

"नाही," ते म्हणतात. "डावीकडे थोडं राहिलंय."