दांडा वरच राहिला

“हात सैल सोडा. कापड ओढू नका, नुसतं फिरवा...”

अजूनही मशीनवर बसले की त्याचा आवाज कानात येतो.

आमची ओळख माझ्या वेंधळेपणातून झाली. गोधडीवर वेलबुट्टी शिवायची म्हणून मी त्याच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातून सुईभोवती बसवायचा स्प्रिंगचा फूट आणि कापड निसटू नये म्हणून रबरी ठिपक्यांचे हातमोजे नेले होते. कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते खाली केले, शिवायला बसले — आणि कापडाखाली दोऱ्याचा हा गुंता! तशीच मशीन उचलून दुकानात गेले.

त्यानं एवढंच केलं. फूट वर-खाली करायचा मागचा दांडा खाली केला.

“हा फूट कापडाला टेकत नाही, म्हणून दांडा वर राहिलेला कळत नाही. सगळ्यांचंच होतं,” तो म्हणाला. “तुमचं जरा जास्त झालंय.”

मी हसले... तोही.

पुढच्या आठवड्यात मशीन पुन्हा ‘बिघडली’. मग पुन्हा. दर वेळी तो दांडा खाली करायचा आणि शेजारी उभा राहून माझ्याकडून एक वेल शिवून घ्यायचा. त्याच्या बोटांना तेल असायचं. डाग पडू नये म्हणून तो ती कापडापासून दूर धरायचा — माझ्यापासूनही.

“एकीला हे काम शिकवायचंय,” एक दिवस तो म्हणाला. “शिकवाल?”

“तुम्ही सांगाल तिला.”

“शब्द?”

“शब्द!”

“माझं लग्न ठरलंय... तिला शिकायचंय.”

मी हातमोजे काढू लागले. निघता निघेनात.

“दांडा मुद्दाम वर ठेवत होतात ना?” त्यानं हळूच विचारलं.

“कळत होतं, तर —”

“वाटायचं, आज बोलाल, उद्या बोलाल. घरच्यांना तरी किती थोपवणार?”

“आणि तुम्हाला तोंड नव्हतं?”

तो फडक्याला बोटं पुसत राहिला. आधीच पुसलेली.

ठरलेल्या दिवशी वहिनीला राहवलं नाही. “त्याच्याच होणाऱ्या बायकोला शिकवायला चाललीस? कुठल्या मातीची आहेस गं? डोकं दुखतंय म्हणून कळव नि मोकळी हो.”

“खोटं कशाला सांगू, वहिनी? शब्द दिलाय.”

“देव काही बक्षीस देणार नाहीये!”

“मागितलंय कुणी?”

पिशवीत फूट ठेवला. तिच्या हाताचं माप माहीत नव्हतं, म्हणून हातमोज्यांचे दोन जोड घेतले. कापड पसरायला मशीनला जोडायचं छोटं टेबल काखेत धरलं, चपला घातल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.